एक वीत आत आलेली रेषा

प्रिय अण्णा,

तू जाऊन आठ महिने झाले आणि मी तुला पत्र आज लिहितेय. आयुष्यात तुला कधी पत्र लिहिलं होतं मी? तू बंगळूरला बँकेच्या संघात होतास तेव्हासुद्धा लिहिलं नाही. सगळ्यांची पत्रं अप्पाच लिहायचे आणि खाली ‘सुली मजेत आहे’ अशी एक ओळ माझ्या वाट्याला यायची. आता लिहितेय, कारण माझ्यासमोर टेबलावर एक कागद पडलाय. त्यावर सोमवारपर्यंत सही करायची आहे. आणि ती करायच्या आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे.

गेल्या मंगळवारी महांतेश आला होता. क्लबचा नवा सेक्रेटरी. तू त्याला ओळखायचास, मी नाही. त्यानं चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या आणि आल्याआल्या वाकून नमस्कार केला, तेव्हाच मला वाटलं, याचं काहीतरी काम आहे. तू म्हणशील, झाली हिची सुरुवात! पण होतंच काम. आपल्या जुन्या मुरमाच्या मैदानावर आता सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट झालंय, बसायला पायऱ्या झाल्यात, आणि त्याला नाव द्यायचं आहे. या भागातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचं.

“दोन नावं आहेत अक्का,” महांतेश म्हणाला. “आपले अण्णा आणि धारवाडचे शिवानंद सर. पण अण्णांकडे कप आहे. कप नाही तर मोठा खेळाडू कसा म्हणायचा, सांगा की?”

मी म्हटलं, “शिवानंद सर काय म्हणाले?”

“त्यांनीच तर अण्णांचं नाव सुचवलं!”

अण्णा, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. फायनलमध्ये समोरच्या संघाचा कप्तान असलेल्या ज्या माणसाचा कप तुझ्यामुळे गेला, बँकेची नोकरी तुझ्यामुळे गेली, जो कलघटगीच्या शाळेत शिट्टी फुंकत रिटायर झाला, तो तुझं नाव सुचवतो? का म्हणून?

महांतेशनं पिशवीतून मोठा केलेला फोटो काढला. भिंतीवर लावायचा म्हणे. त्या फायनलचा, वर्तमानपत्रात आलेला. तू हवेत आहेस, बॉल हातातून सुटलाय, तोंड उघडं आहे (ते तुझं नेहमीच उघडं असायचं), आणि खाली मुरमावर पांढरी रेषा. “बघा अक्का, इथून उडी मारली, रेषेच्या बाहेरून. एक बोटभर बाहेर!” त्याला तुझा पाय दिसत होता. मला रेषा दिसत होती. ती मी आखली होती.

खाली मजकूर लिहून आणला होता. ‘अखेरच्या क्षणी तीन गुणांचा बास्केट मारून अजिंक्यपद खेचून आणणारे’ वगैरे वगैरे. तुझा मुलगा फोनवर म्हणाला, आत्या, तूच वाच आणि तूच सही कर, मला त्यातलं काही ठाऊक नाही. त्याला ठाऊक नाही हे बरोबरच आहे. मला मात्र ठाऊक आहे असं मी चाळीस वर्षं समजत होते.

आता एकदा सगळं स्पष्टच बोलू. तू असताना हे बोलले नाही, ते आता बोलते.

तो तीन गुणांचा नियम तेव्हा नवीन होता. जुन्या मैदानावर ती कमान कुणी आखलीच नव्हती. मुलींना तेव्हा क्लबात खेळायला घेत नव्हते, पण रांगोळी चांगली काढते म्हणून रेषा मारायला मी चालत होते! फायनलच्या दुपारी आपण दोघं गेलो. आपल्या कापडाच्या दुकानातून सुतळी नेली होती, मीटरपट्टीनं मोजून सव्वासहा मीटरवर गाठ मारलेली. तू रिंगच्या बरोबर खाली खुंटी धरून बसलास. मी दुसऱ्या टोकाची गाठ धरून, सुतळी ताणून, चुन्याची फक्की टाकत गोल फिरले. आधी मारुतीच्या देवळाकडची बाजू, मग बाजाराकडची.

संध्याकाळी सामना झाला. शेवटचे काही सेकंद, आपण दोन गुणांनी मागे. तू बाजाराकडच्या रेषेबाहेरून बॉल फेकलास आणि पंचानं तीन बोटं वर केली. एका गुणानं जिंकलो. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं, बँकेचा माणूस पेढा घेऊन अप्पांना तुझी नोकरी पक्की झाल्याचं सांगायला आला, आणि मी फक्कीचा डबा धरून रडत उभी होते. आनंदानं, हं! तोपर्यंत आनंदच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा आणि खुंटी आणायला गेले. मैदानावर कुणी नव्हतं. का कोण जाणे, मला त्या जागेवर उभं राहावंसं वाटलं, जिथून तू उडी मारलीस. उभी राहिले आणि वाटलं, रिंग जवळ आहे. देवळाकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले, तर तिथं लांब. मग मी पावलाला पाऊल लावून दोन्हीकडे मोजलं. बाजाराकडची रेषा एक वीतभर आत होती.

अण्णा, तुझा पाय रेषेबाहेर एक बोटच होता. रेषा जागेवर असती तर तो पाय आतच पडला असता. दोन गुण. बरोबरी. पुढं जादा वेळेत काय झालं असतं ते देवालाच ठाऊक.

घरी येऊन सुतळी मोजली. बरोबर सव्वासहा! गाठ सरकलेली नव्हती. मी तर गाठ घट्ट धरून फिरले होते. मग राहिलं कोण? खुंटी धरून बसलेला माणूस. खुंटीला एक वेढा जास्त दिला की रेषा वीतभर आत येते, हे सांगायला पंच कशाला हवा?

आणि मला आठवत होतं की टॉस तू जिंकलास, दुसऱ्या डावाला बाजाराकडचं रिंग तू मागून घेतलंस. आता याच्यावर आणखी काय पुरावा पाहिजे होता?

मी कुणाला सांगितलं नाही. सतरा वर्षांची होते, पण एवढं कळत होतं की बोलले तर तुझी नोकरी जाईल, आणि अप्पा तुला कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसवतील. गप्प बसले. तू बंगळूरला गेलास, बारा वर्षं बँकेकडून खेळलास, परत आलास तेव्हा सगळी हुबळी तुला ‘चॅम्पियन’ म्हणत होती. भाजीवालीसुद्धा! आणि मी तुझ्याकडे बघत राहिले. बारकाईनं बघत राहिले.

कुणी त्या शेवटच्या फेकीचं कौतुक काढलं की तू विषय बदलायचास. पान लावायला उठायचास, पंखा वाढवायचास, काहीतरी करायचास. लोक म्हणायचे, किती नम्र! मी मनात म्हणायचे, नम्र कसला, टोचतंय त्याला.

आणि टीव्हीवर ते अमेरिकेचे सामने सुरू झाल्यावर तर काय! सकाळी सहा-साडेसहाला आंघोळ न करता तू समोर बसायचास. मी आले की मला हाताला धरून बसवायचास. जिंकलेल्या संघातल्या प्रत्येकाला अंगठी देतात, आणि मग पुढं जन्मभर लोक खेळाडूची बोटं मोजत बसतात, हे तूच मला सांगितलंस. “हा माणूस बघ सुले, पंधरा वर्षं खेळला, असा पास देणारा दुसरा झाला नाही. आणि म्हणतात काय, याला अंगठी नाही! अरे, फायनलच्या आधी याच्या जोडीदाराचा घोटा मुरगळला, त्यात याचा काय दोष? आणि तो बाकावर बसून टाळ्या वाजवणारा, त्याच्याकडे तीन अंगठ्या. मग तो मोठा?”

“मग कोण मोठा ते कशावरून ठरवायचं?” मी विचारायची.

“मला नाही माहीत. पण अंगठीवरून नाही. ती नशिबाची.”

मी चहाचा कप ठेवून म्हणायची, “अंगठी मिळालेल्यांनाच असं बोलायला जमतं.” तू माझ्याकडे असं बघायचास की जणू मीच काही केलंय! तेव्हा मला राग यायचा. चोर तो चोर, वर माझ्यावरच डोळे?

आता माझं चुकलं असं म्हणायच्या आधी आणखी एक सांगून टाकते, म्हणजे एकदाच काय ते तू हसून घेशील. दर महिन्याच्या एका रविवारी तू सकाळी कलघटगीच्या बसला बसायचास. विचारलं तर “काम आहे”. कसलं काम? आपलं तिथं शेत नाही, नातं नाही. संध्याकाळी यायचास ते अंगभर धूळ आणि चेहऱ्यावर हसू. वहिनी आणि मी, आम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं की तुझं तिथं कुणीतरी आहे. हो! वहिनीनं एकदा तुझा सदरा हुंगून बघितला होता. घामाचा वास आला म्हणाली, दुसरं काही नाही. बिचारी गेली ती या संशयातच गेली. आता तिथं भेटलीच असेल, तर तूच तिला सांग काय ते.

असो. महांतेश गेला आणि मी कागदाकडे बघत बसले. सही केली तर माझ्या हातानं मी खोट्यावर शिक्का मारणार. नाही केली तर लोक विचारणार, का नाही? मग सांगावं लागणार, आणि मेलेल्या भावाला बहिणीनंच उघडं पाडायचं! त्यातून तो शिवानंद. तो इतक्या उदारपणे का वागतोय? त्याला सगळं ठाऊक असेल आणि उद्घाटनाच्या दिवशी माइकवर बोलणार असेल तर? दोन दिवस मला हेच सुचत होतं. तिसऱ्या दिवशी उठले, बस पकडली आणि धारवाडला गेले.

माळमड्डीत त्याचं घर शोधायला वेळ लागला नाही. रिक्षावाल्याला ‘पीटी सर’ म्हटलं की पुरलं. दारात जास्वंद, आत भिंतीवर एकही कप नाही, एकही फोटो नाही. मी ते लगेच बघून घेतलं. गुडघे गेलेत त्याचे, काठी घेऊन उठला.

“बर्री, बर्री, कूडरी सुलक्का! या, बसा. मला वाटलंच होतं तुम्ही येणार म्हणून.”

“का वाटलं?” मी उभ्या उभ्याच विचारलं.

“तुमचा भाऊ म्हणायचा की. सुली कशावर पण सही करायच्या आधी दोन्ही बाजू उलटून बघती.”

मी बसले. चहा आला, तो तसाच ठेवला. म्हटलं, “सर, सरळ विचारते. तुम्ही अण्णाचं नाव का सुचवलंत? तुम्हाला त्या रेषेचं माहीत आहे का?”

तो हसला नाही. काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. मग म्हणाला, “हाय की माहीत. अण्णानंच सांगितलं.”

म्हणजे तू कबूल केलंस! मला नाही, त्याला!

“पंचवीस वर्षं झाली असतील,” तो म्हणाला. “कलघटगीला शाळेत आला. उन्हातनं चालत. मला म्हणाला, शिवू, त्या दिवशी बाजाराकडची रेषा आत होती, नंतर मी मोजून बघितली. मी खुंटी सोडली नव्हती, वेढा दिला नव्हता. म्हणजे सुलीनं ओढली ती. आदल्या दिवशी मला म्हणाली होती, अण्णा, काहीही करून तुला कप मिळवून देते. लहान होती रे, माझ्यासाठी केलं तिनं. तिला कधी काही विचारू नकोस. तिच्या वतीनं मीच माफी मागतो.”

अण्णा!!

मी? मी ओढली? मी म्हटलं होतं, हो, म्हटलं होतं! ‘काहीही करून’ म्हणजे मारुतीला नारळ बोलले होते रे मी! अकरा प्रदक्षिणा घातल्या होत्या, पायाला फोड आले होते! आणि तू पंचवीस काय, चाळीस वर्षं मला लबाड समजत होतास? दर भाऊबीजेला माझ्यासमोर पाटावर बसायचास, मी ओवाळायची, तू ताटात साडी ठेवायचास, आणि मनात म्हणायचास, हिनं रेषा ओढली? आणि मी निरांजन फिरवताना मनात म्हणायची, यानं वेढा दिला? काय ती भाऊबीज! ओवाळताना दोघांच्याही तोंडावर हसू, आणि मनात एकमेकांवर चोरीचा आळ!

मी तिथंच रडायला लागले. रागानं की कशानं, मला कळलं नाही. शिवानंदनं काठी बाजूला ठेवली आणि म्हणाला, “अय्य, रडू नका. अजून ऐकायचं हाय तुमी. तुमी पण ओढली न्हाई आणि त्यानं पण वेढा दिला न्हाई.”

मग त्यानं मला विचारलं, “त्या दिवशी मैदानावर पाणी कधी मारलं?”

पाणी? मुरमाची धूळ बसायला सामन्याआधी पाणी मारायचेच. मी आठवून सांगितलं. देवळाकडची रेषा आखून झाली आणि वारा सुटला. फक्की उडायला लागली, म्हणून मीच ओरडले, आधी पाणी मारून घ्या, मग दुसरी बाजू आखते. पाणी मारेपर्यंत सुतळी तिथंच खाली पडली होती. चिंब भिजली. पिळून उचलली आणि दुसरी कमान आखली.

“सुतळी भिजली की आटती, सुलक्का. वाळली की परत तेवढीच. मला तरी कुठं ठाऊक होतं? गेल्या वर्षी तालुक्याच्या सामन्यांना मैदान आखायला बोलावलं, आणि मी पण तीच चूक केली. अर्धं कोरड्या सुतळीनं, अर्धं ओल्या. मोजलं तर वीतभर फरक. तिथंच खाली बसलो.”

अण्णा, आपलं कापडाचं दुकान! जन्मभर प्रत्येक गिऱ्हाइकाला आपण काय सांगत आलो? आधी पाण्यातून काढा, मग शिवायला टाका, कापड आटतं. झोपेतसुद्धा सांगितलं असतं. आणि आपल्याच दुकानाच्या सुतळीला ते लागू होतं हे दोघांपैकी एकालाही सुचू नये! एकमेकांवर चोरीचा संशय घेणं आपल्याला सोपं गेलं.

तरी मी विश्वास ठेवला नाही, बरं का. म्हटलं, हा माणूस मला बरं वाटावं म्हणून सांगत असेल. विचारलं, “आणि टॉस? बाजू तर अण्णानं निवडली होती.”

“टॉस मी जिंकलो होतो. दुसऱ्या डावाला ऊन माझ्या पोरांच्या डोळ्यावर नको म्हणून मी देवळाकडचं रिंग घेतलं. अण्णाला बाजाराकडचं मीच दिलं. आणि पहिल्या डावात ती जवळची रेषा माझ्याकडंच होती की! पण आमचे सर ओरडायचे, लांबनं मारू नका, आत घुसा. तिथनं मी एक पण फेकला न्हाई.”

चाळीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर तू नाणं उचलताना दिसायचास. ते मी कुठून आणलं? मनानं रचलं असणार. संशय एकदा बसला की तो आपल्याला हवं ते दाखवतो, आणि मी तर बघायला तयारच बसलेली.

मग मी त्याला जे विचारायला धजत नव्हते ते विचारलं. “सर, तुम्हाला वाईट नाही वाटत? नोकरी तुम्हाला मिळाली असती.”

“वाटतंय की,” तो म्हणाला. लगेच म्हणाला, विचार न करता. “खोटं कशाला बोलू? बँकेच्या टीमचं नाव पेपरात आलं की मी दोन दिवस जेवायचो न्हाई नीट. माझा हात अण्णापेक्षा चांगला होता, हे अण्णा पण म्हणायचा. पण लोक म्हणणार, शिवानंदकडं काय हाय? काहीच न्हाई. पोरं पस्तीस वर्षं शिकवली, ते कुठं दिसतंय?”

“मग त्याचं नाव का?”

“तो माफी मागून गेला न्हाई ना,” शिवानंद म्हणाला. “पुढच्या महिन्यात परत आला. त्याच्या पुढच्या महिन्यात पण. बँकेतले जुने बॉल आणायचा, स्वतः रिंग लावली झाडाला आधी, मग खांबाला. आणि मला म्हणाला, शिवू, मुलींची टीम काढ. मी म्हटलं, कलघटगीत मुली कोण पाठवणार? म्हणाला, मी घराघरात जातो. गेला की! माझ्या मुली राज्याला खेळल्या, त्यातल्या सात जणींना त्यानं शिकवलं. मी फायनलसाठी नाव सुचवलं न्हाई, सुलक्का. तो कप सुतळीचा. मी या मुलींसाठी सुचवलं.”

मुलींची टीम, अण्णा! मला क्लबात घेतलं नव्हतं, मी बाहेर फक्कीचा डबा घेऊन उभी असायची, ते तुझ्या लक्षात होतं. मला एकदा तरी म्हणायचंस! मी कलघटगीला आले असते. तिथं बसून पोरींना ओरडले असते. पण तू सांगणार कसा? तुला वाटत होतं की तू माझं पाप फेडतोयस. आणि मी घरात बसून वहिनीबरोबर तुझा सदरा हुंगत होते.

घरी येऊन मी काय केलं असेल? ओळख बघू! सुतळीचा नवा गुंडा आणला, गच्चीवर सव्वासहा मीटर मोजली, गाठ मारली, बादलीत बुडवली, काढली, ताणली, मोजली. एक वीत आणि वर दोन बोटं कमी. वाळल्यावर पुन्हा मोजली. सव्वासहा. तीनदा केलं. शेजारच्या बाईनं विचारलं, अक्का, काय चाललंय? मी म्हटलं, भावाची चौकशी.

आता खरं बोलायचं ते. शिवानंदनं निघताना दारात मला थांबवून सांगितलं, की त्यानं गेल्या वर्षी तुला फोन करून सुतळीचं सगळं सांगितलं होतं. तू त्याला सगळं परत एकदा सांगायला लावलंस म्हणे. मग म्हणालास, “आता तिला काय तोंडानं सांगू? चाळीस वर्षं मी तिच्यावर संशय घेतला म्हणून? दिवाळीला जातो, तेव्हा सांगतो.”

तू आला होतास, अण्णा. मला आठवतंय. भाऊबीजेच्या दोन दिवस आधीच आलास, न सांगता. हातात माझ्या आवडीचा धारवाडी पेढा. असा लवकर कधी येत नव्हतास. खुर्चीवर बसलास, उठलास, परत बसलास. माझ्या डोक्यावर हात ठेवलास, जो लग्नानंतर कधी ठेवला नव्हतास. म्हणालास, “सुले, एक सांगायचं होतं.” आणि मी काय म्हटलं? “आधी सांग, काय काम काढलंयस? उगाच कुणी पेढे आणत नाही.”

तू हसलास. म्हणालास, काही नाही, सहज. चहा घेतलास आणि गेलास.

हे मी कुणाला सांगू? त्या दिवशी मी फक्त ‘बोल’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. एवढासा शब्द. आपण दोघं त्या खोलीत पोट धरून हसलो असतो, सुतळीला शिव्या दिल्या असत्या, आणि भाऊबीजेला मी तुला पहिल्यांदा मोकळ्या मनानं ओवाळलं असतं. तू सांगायला आला होतास आणि मी तुला न ऐकताच परत पाठवलं. त्यानंतर चार महिन्यांनी तू गेलास. तुझ्या खेळाबद्दल, कपाबद्दल लोकांनी काहीही म्हणू दे, मला त्याचं काही नाही. ही एक गोष्ट मात्र मला रोज सकाळी उठल्यावर आठवते आणि माझा दिवस त्यानंच सुरू होतो.

आणि आता तुला एक कबूल करते, जे शिवानंदलाही सांगितलं नाही. काल गच्चीवर ओली सुतळी हातात धरून उभी होते, तेव्हा ते माझं मलाच कळलं. तुझा माझ्यावरचा संशय अगदीच वाया गेलेला नव्हता, अण्णा. मी त्या दिवशी रेषा आत ओढली नाही, कारण मला ते सुचलं नाही. सुचलं असतं तर ओढली असती. वीतभर काय, हातभर ओढली असती! तू जिंकावास म्हणून मी काहीही केलं असतं, आणि ते तू मला ओळखून होतास. माझा तुझ्यावरचा संशय मात्र साफ खोटा निघाला. तुला सुचलं असतं तरी तू केलं नसतंस. हे मला चाळीस वर्षं तुझ्या शेजारी बसून कळलं नाही.

महांतेशच्या कागदावर मी सही केलेली नाही. सोमवारी मी क्लबात जाणार आहे. सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार आहे की ती रेषा मी आखली, ती चुकली होती, आणि त्या फेकीचे दोनच गुण होते. शिवानंदचा हात तुझ्यापेक्षा चांगला होता, हे तू म्हणायचास, तेही सांगणार. मग कलघटगीच्या मुलींचं सांगणार. त्यानंतर त्यांना ज्याचं नाव द्यायचं त्याचं देऊ दे. शिवानंदचं दिलं तर पाटीला पहिला हार मी घालीन, आणि तुझं दिलं तर त्या पाटीवर कपाचं एक अक्षर लिहू देणार नाही. कुणी म्हणालं, स्वतःच्या भावाचं नाव घालवायला बहीण आली, तर म्हणू दे.

हे वचन तुला देते, अण्णा. आणि सुचलं असतं तर मी रेषा ओढली असती, हे आता कबूल केलेलंही तिथं बोलणार आहे, न गाळता. तू चाळीस वर्षं मला पाठीशी घातलंस. आता पुरे. मला तुझ्या पाठीमागून बाहेर येऊ दे.

तुझी,
सुली